अक्काचं बाळसं

“उचलू नको रे मला! पाठ मोडली!” माझी थोरली बहीण अक्का ओरडली, आणि तिच्या काखेत घातलेले माझे हात तिथंच गार पडले.

कोऱ्या चादरीच्या खळीचा वास आला, की सत्तरच्या दशकातली ती दुपार अजून माझी मानगूट धरते. अक्काचा दमा साधासुधा नव्हता. तिची छाती वाजू लागली, की गिरणीचा भोंगा समजून कामगार डबे घेऊन घरी निघायचे! मग डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या. दमा पळाला, चेहरा टम्म गोल झाला. आम्हाला वाटलं, बाळसं धरलं. आईनं दृष्ट काढली, मी गल्लीभर पेढे वाटले, आणि डॉक्टरांना न विचारता त्याच गोळ्या सहा वर्षं आणत राहिलो.

त्या दुपारी ती कोऱ्या चादरीची एक घडी उचलायला वाकली, तेवढ्यानं मणका मोडला. डॉक्टर येईपर्यंत मी तिच्याशेजारी फरशीवर बसलो होतो, आणि माझे दात हातमागासारखे खटखटत होते.

“ते बाळसं नव्हे, गोळ्यांची सूज. त्यांनीच हाडं ठिसूळ केलीत,” डॉक्टर म्हणाले.

“मग आजच नाल्यात फेकतो की!”

“सहा वर्षांत तिचं शरीर त्यांच्यावरच जगायला शिकलंय. एकदम बंद केल्यास, तर ती मरेल.”