बरोबर कोण होतं?

हेमा आगाशे गेली नऊ वर्षं इंग्लंडमधल्या माणसांचे दिवस वाचत होती आणि त्यांचे आकडे करत होती. कामच तसं होतं. तिकडची एक संशोधन संस्था हजारो लोकांना रोजनिशी भरायला सांगे. दर दहा मिनिटांना एक रकाना: काय केलं, कुठे होतात, बरोबर कोण होतं. भरलेल्या वह्यांचे फोटो खराडीतल्या एका कंपनीत येत आणि हेमासारखी माणसं प्रत्येक रकान्यावर आकडा घालत. जेवण एकवीस. कुत्र्याला फिरवणं चौतीस. बरोबर कुणी नाही, म्हणजे शून्य.

इंग्लंड तिने पाहिलं नव्हतं. पासपोर्टसुद्धा काढला नव्हता. पण तिथली माणसं तिला विश्रांतवाडीतल्या आपल्या सोसायटीपेक्षा जास्त ठाऊक होती. एका घरातली चार माणसं चार खोल्यांत जेवतात, हे तिने शेकडो वेळा नोंदवलं होतं. बत्तीस वर्षांचा मुलगा भाडं परवडत नाही म्हणून शाळेत असतानाच्या खोलीत परत राहायला येतो, आणि आई दारावर टकटक करून चहा ठेवून जाते. आजी आठवड्याचे तीन दिवस नातवंडं सांभाळते आणि चौथ्या दिवशी नुसतं 'झोपले' असं लिहिते. कोपऱ्यावरचा पब बंद पडला म्हणून एक जण संध्याकाळी गाडीतच बसून रेडिओ ऐकतो. सुरुवातीला हेमा हे सगळं घरी सांगायची. मग थांबली. दिवसभर दुसऱ्यांचे दिवस वाचून स्वतःच्या दिवसाबद्दल बोलायचाही कंटाळा येई.

शिवाय आता काम आवरत आलं होतं. वह्या यंत्र वाचू लागलं, तशी बावीस जणांची टीम पाचांवर आली. यंत्राला जिथे मेळ लागत नसे, तेवढंच या पाच जणांकडे येई. मान धरलेली, डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब, आणि टिंगरेनगर-विमाननगर करत स्कूटरवरून जाणं-येणं. संध्याकाळी घरी पोचली की चपला काढायलाही ती भिंतीला टेकून उभी राही.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी तिच्यापुढे एक वही आली. पुरुष, वय एक्क्याऐंशी, विधुर, घरात एकच माणूस. अक्षर थरथरतं, पण स्वच्छ.

सकाळी साडेसहा: चहा, दोन कप. बरोबर: जीन.

साडेदहा: बसने वाचनालयात. तिथे ऊब असते. बरोबर: कुणी नाही.

बारा: दुकानात. पैसे घ्यायला आता माणूस नाही, यंत्र आहे. बरोबर: कुणी नाही.

पाच: गाडी विकावी का, यावर बोललो. जीन नको म्हणाली. बरोबर: जीन.

जीन ही बायको, असं वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. यंत्राने तिथे 'जोडीदार' घातलं होतं आणि मग स्वतःच अडलं होतं, कारण घरात माणूस एकच. हेमाने फक्त शून्य घालायचं होतं. तिने बोट बटणावर ठेवलं, आणि काढलं. मग टीम लीडर आमोदला हाक मारली. आमोद सत्तावीस वर्षांचा, हुशार, कायम घाईत.

"मॅडम, सिंपल आहे," तो म्हणाला. "वाइफ ऑफ झालीये. म्हणजे अलोन."

"ते त्यांनाही माहीत आहे. विधुर या शब्दापुढे त्यांनीच टिक केलंय. तरी बरोबर जीन होती म्हणतात."

"म्हातारा आहे, विसरला असेल."

"विसरला असता तर वाचनालयातही जीन लिहिली असती. तिथे नाही लिहिली. फक्त घरात आहे ती."

आमोदने मान तिरकी करून पडद्याकडे पाहिलं. "आज दोनशे केसेस पेंडिंग आहेत मॅडम. आपल्याला त्यांची लव्ह स्टोरी सॉल्व्ह नाही करायची."

"मग मी तिकडे संस्थेला शंका पाठवते. तो रकाना ठेवलाय ना आपल्याला?"

"पाठवा. आजवर कुणाला उत्तर आलंय?"

तिने पाठवली. शाळेत शिकलेल्या सरळ इंग्रजीत चारच वाक्यं: या गृहस्थांची चूक झालेली नाही. बायको गेल्याचं त्यांना ठाऊक आहे. बरोबर कोण होतं, असं आपण त्यांना विचारलं आणि त्यांनी सांगितलं. आपण शून्य घातलं, तर त्यांच्या वतीने आपणच उत्तर दिल्यासारखं होईल.

रविवारी सकाळी गवार मोडताना तिने हे नवऱ्याला, श्रीनिवासला सांगितलं. तो बँकेत. सकाळी ती उठण्याआधी त्याची चालायला जायची वेळ, आणि रात्री ती येईतो त्याचं जेवण झालेलं. रविवार तेवढा दोघांचा.

"हे आपल्याला विचारलं तर काय भरशील?" वर्तमानपत्रामागून त्याने विचारलं.

"आत्ताचं? मी भाजी मोडतेय, तुम्ही पेपर वाचताय. एक तास झाला, बोललो आत्ता."

"मग कोण बरोबर म्हणायचं?"

"नियमाप्रमाणे जोडीदार. एका खोलीत असलं की पुरतं."

श्रीनिवासने पेपर खाली ठेवला. खुर्ची ओढून तिच्या पुढ्यातल्या अर्ध्या शेंगा आपल्याकडे घेतल्या. त्याला गवार नीट मोडता येत नव्हती. शिरा तशाच राहत होत्या. हेमाने त्या पुन्हा काढल्या नाहीत.

उत्तर आठ दिवसांनी आलं. रूथ नावाच्या संशोधक बाईंचं. त्यांनी लिहिलं होतं, की तुमची शंका आम्ही बैठकीत वाचून दाखवली. 'हयात नसलेली व्यक्ती' असा वेगळा आकडा आता केला आहे. आधीच्या वह्यांतही असं कुणी लिहिलं असेल, तर ते शून्याखाली दडलेलं असणार. तेव्हा एकट्या राहणाऱ्यांच्या सगळ्या वह्या माणसांनी पुन्हा वाचाव्यात. वह्या एकोणीसशे.

"घ्या मॅडम," आमोद म्हणाला. "मागितलंत, मिळालं."

अकरा आठवडे पाच जणांनी त्या वह्या वाचल्या. हेमाची मान इतकी धरली, की पट्टा लावावा लागला. शेजारच्या टेबलावर बसणारी कादंबरी नावाची मुलगी पहिल्या आठवड्यात तिच्यावर चिडलेली होती, चौथ्यात तीच हाक मारून म्हणाली, "हेमाताई, हे बघा, ही गेलेल्या मुलाच्या खोलीत बसून रोज त्याला बातम्या सांगते." अशा वह्या त्रेचाळीस निघाल्या. यंत्राने एकही दाखवली नव्हती. बहुतेक सगळ्या त्याने मुकाट शून्यात टाकल्या होत्या.

मार्चअखेर टीम बंद झाली. आमोदला बंगळुरात बदली मिळाली, हेमाला तीन महिन्यांचा पगार आणि एक पत्र. घरी आल्यावर चार दिवस ती नुसती झोपली.

जूनमध्ये रूथबाईंनी अहवाल पाठवला. दोनशे बारा पानं. हेमाने तो फोनवर पाच दुपारी बसून वाचला. एकशे चाळिसाव्या पानावरच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती: हा वर्ग पुण्यातील कर्मचाऱ्यांच्या सूचनेवरून समाविष्ट केला.

संध्याकाळी श्रीनिवासने चष्मा वर करून ती ओळ दोनदा वाचली. "तुझं नाव नाही घातलं?"

"नाव कुणाचंच नाही त्यात. त्या गृहस्थांचंही नाही."

"पुढच्या नोकरीच्या अर्जात लिही तरी."

"काय लिहू? मेलेल्या माणसांना आकडा मिळवून दिला?"

तो हसला, तीही थोडं हसली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता विमाननगरला मुलाखत होती, हॉटेलांवरचे अभिप्राय तपासायच्या कामाची. तिने साडीला इस्त्री करायला घेतली, अर्ध्यावर ठेवली, आणि पाठ टेकली.