डेकोरेट, अडॉर्न, गार्निश आणि रिकामं मखर

इंग्रजीत ‘सजवणे’ या अर्थाचे ढीगभर शब्द आहेत आणि ते सगळे मला येतात, हे आमच्या घराचं दुर्दैव आहे.

मी रोह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर धाकटा भाऊ बाळू म्हणाला, “दादा, यंदा डेकोरेशन सगळं माझ्याकडं.”

“सगळं कसं? खोली आणि मखर सजवायचं ते डेकोरेट. देवाला दागिने घालायचे ते अडॉर्न. वालाच्या बिरड्यावर खोबरं-कोथिंबीर घालायची ते गार्निश.”

“सजवायचंच हाय ना?”

“नाही!”

शेवटी वैतागून मी कामं शब्दांप्रमाणे वाटून दिली. बाळूला डेकोरेट, बायकोला, म्हणजे सुमनला, अडॉर्न आणि माहेरी आलेल्या आक्काला गार्निश. तरी गोंधळ चालूच. बाळूने मखराला मोत्यांची माळ लावली, ती मी काढून सुमनकडे दिली. आक्काने मखरात फूल खोचलं.

“आक्का, तुझं खातं गार्निशचं!”

“अरे, एक फूलच हाय ना?”

फरक म्हणून कुणाला कळेना. (शाळेतली पोरं निदान मान तरी डोलवत.)

चतुर्थीला सकाळी गुरुजी आले. मखर पाहून खूश झाले. म्हणाले, “छान. आता मूर्ती आणा.”

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागलो. मूर्ती पेणच्या कारखान्यात होती. मूर्ती ठेवायचा पाट आधीच तिथे देऊन ठेवला होता, पण आणायला कुणी गेलंच नव्हतं.

“बाळू?”

“माझं डेकोरेट.”

“सुमन?”

“तुम्हीच बोललात, अडॉर्न सोडून कशाला हात लावायचा नाय.”

आक्का तर न विचारताच “गार्निश” म्हणाली.

“मी बाकीची घरं उरकून दुपारी येतो,” गुरुजी म्हणाले. “तेव्हाही मूर्ती नसली, तर तुमचं तुम्ही बघा.”

मी तशाच चपला अडकवल्या. बाळूच्या मोटारसायकलवर मागे बसून पेण गाठलं. कारखान्याच्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. कोपऱ्यात आमचा गणपती तेवढा उरला होता.

“मास्तर, आम्हाला वाटलं तुम्ही यंदा बसवत नाय,” कारागीर म्हणाला.

मूर्ती मांडीवर धरून, प्रत्येक खड्ड्याला देवाची माफी मागत मी रोह्याला परतलो. गुरुजी दारात उभेच होते.

“पूजेला कोण बसणार?” त्यांनी विचारलं.

“यांनाच बसवा,” सुमन म्हणाली. “घरात हे नुसते शोभेलाच हायत.”

‘ऑर्नामेंटल’ हा शब्द मी तिला कधीच शिकवला नव्हता. अर्थ तेवढा तिला आधीपासून पाठ होता.