फ्लॉयडचा एक्झॉस्ट

फ्लॉयड तुस्कानोकडे आठ सिलिंडरची गाडी होती आणि सरकारने त्याला पाच किलोमीटर दिले होते.

दोन हजार एकवीसचा ऑगस्ट. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगमध्ये लॉकडाऊन. किराणा, औषधं, व्यायाम यासाठीच बाहेर पडायचं, आणि तेही पाच किलोमीटरच्या आत. हॉस्पिटल, गॅरेज असल्या कामांना तेवढी सूट. फ्लॉयड किराणाही आणत नसे. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा अशा थाटात तो घरातल्या टेबलाशी बसायचा. एका स्क्रीनवर पोर्ट केम्ब्लाच्या कामगारांच्या पगाराच्या स्लिपा काढायचा, दुसऱ्यावर गाड्यांचे व्हिडिओ बघायचा.

गाडी चालवायची त्याची बायको, विनिफ्रेड. ती हॉस्पिटलात नर्स होती. आठवड्यातून पाच दिवस, सकाळी सातला, कोविड वॉर्डात.

ही गाडी तिने मागितली नव्हती. तिची स्वतःची एक लहान जपानी गाडी होती. चिमणीसारखं पेट्रोल प्यायची आणि कुरकुर करायची नाही. आदल्या वर्षी फ्लॉयडने ती विकली. "मी आता घरूनच काम करणार, विनी. दोन गाड्या कशाला पोसायच्या?" तिला पटलं. आठवडाभरात दारात नारिंगी कमोडोर उभी राहिली. सहा लिटरचं इंजिन आणि आधीच्या मालकाने झिजवून दिलेले टायर. फ्लॉयडच्या लायसन्सवर दंडाचे पॉइंट होते, तिच्या नावावर विमा स्वस्त पडत होता. म्हणून गाडीही तिच्याच नावावर.

"मसल कार," फ्लॉयड स्वतःचा दंड थोपटून म्हणाला. त्या दंडाने तांदळाची गोणी कधी उचलली नव्हती, हे विनिफ्रेडला अकरा वर्षं ठाऊक होतं.

गाडीला आशीर्वाद हवा होता आणि चर्च बंद होतं. फ्लॉयडने फादरना झूमवर बोलावलं आणि लॅपटॉप बॉनेटवर धरला. फादरनी पवित्र पाणी शिंपडलं. ते त्यांच्याच कीबोर्डवर पडलं.

वसईला, पापडीत, फ्लॉयडच्या वडिलांकडे लूना होती. चढ आला की ते उतरून ढकलायचे आणि फ्लॉयड मागे धावायचा. तिथूनच गाड्यांचं वेड लागलं, असं तो पाहुण्यांना सांगायचा. सांगताना डोळे पुसायचा. विनिफ्रेड मनात म्हणायची, ढकलत होता तो बाप. हा नुसता धावत होता.

फ्रिजवर यादी लागली. परवडतील असे अपग्रेड, दर महिन्याला एक. इंजिनाला गार हवा देणारा पाइप, मग कॉम्प्युटरवरून ट्यूनिंग, मग गाडी बुटकी करणाऱ्या स्प्रिंगा. पहिलं काम झालं. गाडी आता श्वास घेते, असं फ्लॉयडने जाहीर केलं. विनिफ्रेडला वॉर्डात श्वास म्हणजे काय ते रोज दिसत होतं. यादीच्या तळाशी तिने एकच शब्द लिहिला: टायर. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे फ्लॉयडच्या अक्षरात होतं: पुढच्या वर्षी.

त्यांचं घर फिगट्रीत टेकडीवर होतं. उतार संपतो तिथे राउंडअबाउट, मधे गवताचं गोल बेट असलेला चौक. पावसात तिथे गाडीची मागची बाजू सरकायची. दोनदा झालं होतं.

"मागची चाकं सुटतात, फ्लॉयड."

"पाय हलका ठेव गं. ही काय तुझी जुनी डबी नव्हे. हिला पॉवर आहे."

शेवटी तिने नोएलला व्हिडिओ कॉल लावला. नोएल तिचा मावसभाऊ. डॅप्टोला त्याचं छोटं गॅरेज होतं. फ्लॉयड नाइलाजाने फोन घेऊन चाकाशी उकिडवा बसला.

"वीस सेंटचं नाणं घाल टायरच्या खाचेत," नोएल म्हणाला. "नाण्यावरच्या प्लॅटिपसची चोच दिसते?"

"दिसते."

"चोच बुडायला पाहिजे. डोळा?"

"डोळा पण दिसतो."

"शेपूट?"

फ्लॉयडने नाणं काढून खिशात घातलं.

"मेल्या, अख्खं जनावर बाहेर आहे! पहिले टायर. मग ब्रेक पॅड. मग ब्रेकचं तेल. उरले पैसे तर खेळ काय खेळायचे ते."

"टायरने पॉवर वाढते काय, मेट?"

"मग ती पॉवर रस्त्यावर कोण उतरवतं? तुझी आजी?"

फ्लॉयडने रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवला. "डॅप्टोचा मेकॅनिक," तो म्हणाला. "याला परफॉर्मन्समधलं काय कळतं."

तरी टायर घ्यायचे ठरले. विनिफ्रेडने तसं ठरवलं.

पण घरात आणखी एक वस्तू बिघडलेली होती. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट. बोंबील तळायला घेतले की धुराचा अलार्म कोकलायचा आणि शेजारच्या ऑड्री कुंपणावरून "सगळं ठीक ना, डियर?" विचारायच्या. विनिफ्रेड चार महिने त्या पंख्यासाठी मागे लागली होती.

एका दुपारी ती शिफ्टवरून आली. मागच्या दारात उभ्याउभ्या बूट काढत होती. नाकावर मास्कचा वळ होता.

"विनी," फ्लॉयड टेबलावरून म्हणाला, "एक्झॉस्ट आधी करू का? चांगला मिळतोय. मग टायर पुढच्या महिन्यात."

"कर बाबा एकदाचा," ती म्हणाली. "चार महिने सांगतेय."

"नक्की?"

"नक्की. मोठा घे, चांगला ओढणारा."

फ्लॉयडने "नो वरीज" म्हटलं आणि स्क्रीनकडे वळला.

रविवारी तिची सुट्टी होती. ती दुपारपर्यंत झोपली. गाडी कुठेतरी जाऊन आली, एवढं तिला झोपेत कळलं. उठल्यावर तिने स्वयंपाकघरात बघितलं. जुना पंखा जागच्या जागी होता, तेलकट आणि मुका.

"माणूस आला नाही का?"

"झालं सगळं. उद्या कळेल तुला," फ्लॉयड म्हणाला. वाढदिवसाची भेट लपवावी तसं हसला.

सोमवारी पाऊस होता. सव्वासहाला तिने किल्ली फिरवली.

गाडीने डरकाळी फोडली. सीटखाली थरथर झाली. कुठेतरी कुत्रं भुंकलं, ऑड्रींच्या खिडकीत दिवा लागला. तिला वाटलं इंजिन फुटलं. ती पावसातून घरात धावली. फ्लॉयड पायजम्यात दारात उभा होता. डोळे मिटून ऐकत होता.

"काय हे?"

"एक्झॉस्ट."

तिने वळून बघितलं. गाडीच्या मागे धुराचा नवा, दंडाएवढा पाइप चकचकत होता.

"तूच म्हणालीस, मोठा घे. चांगला ओढणारा."

"मी पंख्याचं बोलत होते."

"मला काय माहीत!"

तो हसू दाबत होता. ते तिला दिसलं. त्याला त्याच दिवशी कळलं होतं. 'नक्की?' त्याने म्हणूनच विचारलं होतं.

भांडायला वेळ नव्हता. वॉर्डात रात्रपाळीची माणसं तिची वाट बघत होती. ती निघाली. उतारावर पाय हलका ठेवला, अगदी त्याने सांगितला तसा. राउंडअबाउटपाशी ब्रेकला पाय लावला आणि मागची चाकं सुटली. रस्ता फिरला, झाडं फिरली, गाडी काठ ओलांडून मधल्या गवतावर चढली आणि घराकडे तोंड करून थांबली. समोरून कुणी येत नव्हतं, एवढंच.

कोपऱ्यावर लोकांना कुठे निघालात म्हणून विचारायला पोलीस उभे होते. एक तरुण पोलीस बाई धावत आली. आधी तिने विनिफ्रेडला कुठे लागलं का बघितलं. मग हॉस्पिटलचं ओळखपत्र बघितलं. मग टॉर्च मारून टायर बघितले.

"यावरून रोज जाता तुम्ही?"

"रोज."

त्या बाईने काचेवर लाल स्टिकर लावला. गाडी आता चालवायची नाही, उचलूनच न्यायची. जाताना ती हळूच म्हणाली, "आवाज मात्र झकास आहे हं."

विनिफ्रेडने फ्लॉयडला फोन लावला.

"गाडी घसरली. राउंडअबाउटवर चढली."

पलीकडे श्वास अडकल्याचा आवाज आला.

"काठावरून? खालून घासली का गं? एक्झॉस्टला काही झालं नाही ना?"

तिने फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघितलं. अकरा वर्षं या माणसाला ती जेवायला वाढत होती.

"नाही," ती म्हणाली. "एक्झॉस्ट ठीक आहे."

मग तिने नोएलला फोन केला आणि हॉस्पिटलपर्यंत पावसात चालत गेली.

शनिवारी नोएल आला तो एक लहान पांढरी गाडी घेऊन. जुनी, पण टायर कोरे. डिकीतून एक लांबलचक चकचकीत नळकांडं बाहेर डोकावत होतं. कमोडोर गेली होती. नोएलने ती उचलून डॅप्टोला नेली होती, आपल्या गॅरेजात पडलेला एक जुना पाइप तिला बसवला होता आणि तिच्यासाठी गिऱ्हाईकही त्यानेच आणलं होतं. कागदांवर सही विनिफ्रेडची लागत होती. तिने ती केली होती.

"मला विचारलंही नाहीस?" फ्लॉयड म्हणाला. आवाज चिरका झाला होता.

"विचारलं की. गाडी काढू का म्हटलं, तू हो म्हणालास."

"मला वाटलं, गॅरेजमधून बाहेर काढतेयस!"

"मला काय माहीत," विनिफ्रेड म्हणाली.

तिने आणि नोएलने नळकांडं दोन बाजूंनी उचललं, स्वयंपाकघरात नेलं आणि मेलेल्या पंख्याखाली भिंतीला टेकवून उभं केलं.

"हे इथे कशाला?"

"एक्झॉस्ट आहे ना?" ती म्हणाली. "लाव."

तिने तवा चढवला आणि बोंबील टाकले.