दादाची गॅलरी का पडली: सातारा, मेढा, कडेगाव, सांगली

या ब्लॉगवर मी एरवी घाट, देवळं आणि खानावळींबद्दल लिहिते. दादाच्या कडेगावच्या नव्या घराच्या गॅलरीचा फोटोही मी इथेच टाकला होता, समोर नजर पोचेल तिथवर ऊस. सव्वा वर्षापूर्वी ती गॅलरी पडली. दादा सकाळी तिथे दात घासत उभा होता.

वर्षश्राद्धाला कडेगावला गेले तेव्हा जो तो म्हणत होता, वेळ आली होती. मी वर बघत राहिले. गॅलरी जिथून तुटली तिथे भिंतीतून गंजलेल्या सळया बाहेर आल्या होत्या. त्यांच्याकडे बघून मला काहीच कळत नव्हतं, आणि त्याची लाज वाटत होती. घर मुळात उभं कसं राहतं हे शिकायचं आणि मग परत या भिंतीसमोर यायचं, असं मी पुण्याला परतताना ठरवलं. जानेवारीत चार दिवस काढले.

स्वारगेटहून सकाळची पहिली एसटी धरली तर खंबाटकीत गाड्या तुंबायच्या आत घाट पार होतो. साताऱ्याला स्टँडवर माझ्या मैत्रिणीचे वडील, सुभेदार कदम, न्यायला आले होते. सैन्याच्या इंजिनियर पलटणीत त्यांनी पूल आणि बराकी बांधल्या. निवृत्त झाल्यावर आता गोडोलीकडे एका तीन मजली इमारतीवर देखरेख करतात. रिक्षातून थेट तिथेच गेलो. दोन स्लॅब ओतून झाले होते, भिंती अजून नव्हत्या. वारा आरपार जात होता आणि खांबांमधून अजिंक्यतारा दिसत होता.

"ताई, आधी वजन बघायचं. भिंती मागनं," सुभेदार म्हणाले. "आपण दोघं आता स्लॅबवर हाय. आपलं वजन गेलं बीममदी, बीमचं कॉलममदी, कॉलमचं पायात, पायाचं जिमिनीत. ह्यातली एक जागा चुकली तर पुढचं सगळं चुकलं."

मग त्यांनी पिशवीतून भांडी घासायचा नवा स्पंज आणि ब्लेड काढलं. स्पंजाला वर आणि खाली बारीक चिरा दिल्या. दोन विटांवर त्याची दोन टोकं टेकवली आणि मला मध्ये दाबायला सांगितलं. खालच्या चिरा उघडल्या.

"उघडतंय तितं सळई पायजे. काँक्रीट दाबाला लय चिवट, पण ताण आला की फाटतंय. म्हणून स्लॅबची सळई खाली."

पुढे त्यांनी एका विटेखाली स्पंजाचं एकच टोक दाबलं. दुसरं हवेत.

"ही तुमची गॅलरी. दाबा."

मी मोकळ्या टोकावर बोट ठेवलं. या वेळी वरच्या चिरा उघडल्या, विटेजवळची सगळ्यात जास्त. खालच्या मिटल्या.

मी बोट उचललं नाही. दादाच्या भिंतीतल्या सळया डोळ्यांसमोर आल्या. त्या खाली होत्या. तुटलेल्या काठाच्या अगदी तळाशी.

सुभेदारांनी ब्लेड पिशवीत टाकलं. म्हणाले, "चला, च्या घेऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही मेढ्याला गेलो. साताऱ्याहून एसटी भरपूर आहेत, तासाभराचा रस्ता, डाव्या हाताच्या खिडकीशी बसा. मेढ्याच्या पुढे एका वस्तीत सुभेदारांच्या चुलतभावाच्या घराची डागडुजी चालली होती. दोन हात जाडीच्या दगडी भिंती, वर सागवानी तुळया, त्यावर वासे आणि कौलं. इथे भिंतच सगळं वजन झेलते. साताऱ्यात इमारत भिंतींशिवायच उभी होती, इथे एक काढली तर छप्पर खाली. दोन्ही घरंच, पण उभं राहण्याची रीत वेगळी. चुलतभावाच्या घरी नाचणीची भाकरी आणि वाटाण्याची आमटी जेवलो. अशी चव वाटेवरच्या हॉटेलांत शोधू नका.

परतताना सुभेदारांनी तो स्पंज माझ्या हातात दिला. सोबत एक फोन नंबर. साताऱ्याच्या इमारतीचं डिझाइन करणाऱ्या सांगलीच्या इंजिनियर प्रज्ञा चौगुले यांचा.

"दादाचं घर बांदलं त्या मिस्त्रीला भेटणार न्हवं?" त्यांनी विचारलं. "भेटा. पण भांडायला जाऊ नगा. त्यानं आणखी कितीक घरं बांधली असतील, ते इचारा."

तिसऱ्या दिवशी कराडला गाडी बदलून कडेगाव. ऊसतोडीच्या दिवसांत या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रांगेने चालतात, वेळ सढळ धरा. वहिनी दारातच होती. शंकर मिस्त्रीकडे जाते म्हटल्यावर तिने तोंड फिरवलं. "त्याचं नाव या घरात नको," एवढंच बोलली.

मिस्त्रींचं घर गावाच्या टोकाला. साठीचा माणूस, मला बघून उभाच राहिला. बसा म्हणायचंही सुचलं नाही त्याला. मी कट्ट्यावर स्पंज ठेवला, सुभेदारांनी दाखवलं तसं दाखवलं आणि मग म्हणाले, "आता तुम्ही दाबा."

त्यांनी दाबलं. परत दाबलं. स्पंज उलटा करून दाबला.

"आक्का," ते म्हणाले, "सळई मी वरच बांदली हुती. नकाशात तशीच हुती. पण तिच्याखाली आधार न्हवता दिला. माल वतताना मानसं पाट्या घेऊन तिच्यावरनंच गेली. सळई खाली बसली. मी बगितलं, आक्का. मला वाटलं, स्लॅबात खालीच असती की. हितं खाली गेली म्हून काय बिगडलं?"

वर्षभर या माणसाला काय काय सुनावायचं हे मी ठरवून ठेवलं होतं. ते सगळं बाजूला राहिलं. सळईखाली तिला उचलून धरणाऱ्या, हातभर लोखंड वाकवून केलेल्या चार टेकण्या, मिस्त्रींच्या भाषेत 'खुर्च्या', ठेवल्या असत्या, तर माझा भाऊ जिवंत असता. हे मला कळलं होतं आणि आता त्यांनाही.

"अशा आणखी किती गॅलऱ्या टाकल्यात?" मी विचारलं.

ते बोटांवर मोजत घरं आठवत गेले. "सात."

तिथूनच चौगुलेबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मी उद्या सकाळी येते. सळई किती खोल आहे हे वरूनच सांगणारं यंत्र आहे माझ्याकडे. पण आज, उजेड आहे तोवर, प्रत्येक गॅलरीच्या बाहेरच्या कडेखाली टेकू उभे करा. दोन्हीकडून आधार मिळाला, की खाली बसलेली सळईही कामाला येते."

मिस्त्रींनी स्वतःचे सेंट्रिंगचे लोखंडी टेकू टेंपोत भरले. दुपारपासून आम्ही दारोदार फिरलो. तिसऱ्या घरी एक माजी सैनिक राहत होते. वर गॅलरीत त्यांची सून कपडे वाळत घालत होती आणि नात रेलिंगला लोंबकळत होती. ते चिडले.

"शंकर, त्यांच्याकडं झालं म्हून आमच्याकडं अवदसा कशाला आनतोस? चार वर्सं झाली, साधी चीर न्हाई."

मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "मालक, मी बांदलीया. मीच सांगतोय. पोरीला आत बोलवा. मला उद्या शिव्या द्या, पन आत्ता बोलवा."

मग सुनेनेच मुलीला कडेवर घेतलं आणि आत जाऊन दार लावलं. सासरे टेकू धरायला पुढे आले. दिवस मावळायच्या आत सातही गॅलऱ्यांखाली टेकू लागले.

चौथ्या दिवशी चौगुलेबाई आल्या. टाइल्सवरून यंत्र सरकवत त्या आकडे बोलायच्या आणि मिस्त्री शाळेतल्या मुलासारखे वहीत लिहायचे. सातांपैकी दोन ठीक निघाल्या. पाचांत सळई खाली बसलेली होती, त्या माजी सैनिकाच्या घरीसुद्धा. तीन ठिकाणी खाली कायमचे खांब आणि बीम द्यायचं ठरलं, दोन उतरवायच्या.

काम आटोपल्यावर बाईंच्याच गाडीतून सांगलीला गेले. त्या जैन, सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून उन्हं असतानाच त्यांच्या घरी जेवलो. कृष्णेच्या घाटावर थोडा वेळ बसलो. मी विचारलं, "दोष कुणाचा धरायचा?"

"तपासायला कुणीच गेलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "नकाशा देणाऱ्यानेही नाही. माल ओतायच्या आधी एकाने वर चढून दहा मिनिटं बघायला हवं होतं." मग त्यांनी मला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं.

घरी येऊन आता दोन महिने झाले. कुठेही गेले की आधी वर बघते. हे वजन कुठून कुठे जातंय, याचा माग काढल्याशिवाय कुणाच्या गॅलरीत पाय ठेवत नाही. राग गेला का, असं नवऱ्याने विचारलं. गेला नाही. पण 'वेळ आली होती' हे आता कुणी म्हटलं, तर मी गप्प बसत नाही. काय झालं होतं ते सांगते.

तुम्ही घर बांधत असाल, तर स्लॅबच्या दिवशी जेवणावळीच्या तयारीत अडकू नका. वर चढा. गॅलरीची सळई वर आहे का, तिच्याखाली खुर्च्या आहेत का, ते स्वतः बघा.

परवा शंकर मिस्त्रींचा फोन आला. पाचांतलं शेवटचं घर पुरं झालं होतं. नंतर वहिनीने त्यांना निरोप धाडून बोलावलं. गॅलरीकडे उघडणारं वरचं दार, ज्याच्यापुढे आता काहीच नाही, ते विटांनी बुजवायचं होतं.

"बोलल्या का तुमच्याशी?" मी विचारलं.

"न्हाई. च्या ठिवला जिन्यात." मग ते म्हणाले, "आक्का, म्या इटा लावल्या, पन दाराच्या वरची तुळई काढली न्हाई. म्हटलं, कवा उगडावं वाटलं तर भिंतीला धक्का नगं. वैनींना तसं सांगितलं."

"मग?"

"म्हनाल्या, असू दे."