दोन वाट्यांची सिनाब

मारावी शहरात लढाई पेटली तेव्हा लोकांनी दागिने उचलले, जमिनीचे कागद उचलले. सिनाबनं लाकडी उखळ उचललं. रमजान चार दिवसांवर आलेला, आणि आलं, मिरची, रानकांदा कुटून केलेल्या पालापाशिवाय तळ्याकाठच्या मारानाव जमातीच्या माणसाच्या घशाखाली भात उतरायचा कसा? आठवडाभरात परत येऊ असंच सगळे म्हणत होते. शहरात शिरलेल्या बंदूकवाल्यांना हुसकायला सरकारनं पाच महिने बॉम्ब टाकले. तळ्याकाठचं घर गेलं, दुकान गेलं. उखळ तेवढं राहिलं.

दीड वर्षानंतरही ती त्याच उखळात कुटत होती, फक्त आता पत्र्याच्या वसाहतीत. आख्खी वसाहत तिला बाबो म्हणायची, म्हणजे आत्या. उजाडताच तिचं मुसळ सुरू झालं की शेजारी म्हणायचे, "बाबो उठली. आता झोपेचं नाव नको."

येत्या सोमवारी मतदान होतं. मोरो, म्हणजे इथल्या मुसलमानांच्या, मुलखाचा कारभार मोरो माणसांनीच करायचा का, एवढंच विचारलेलं. कागदावर हो किंवा नाही लिहायचं. सिनाबचं उत्तर कधीच ठरलं होतं. घरचा कारभार घरात आला तर बाहेरून येऊन पोरांच्या हातात बंदुका देणाऱ्याला थारा मिळणार नाही, आणि त्याला हुसकायला शहर पाडावं लागणार नाही, असं ती कुटता कुटता कुणालाही ऐकवायची.

पण तिच्याच दोन घरांचं घोडं अडलं होतं. तळ्यावरच्या होड्या लावायच्या धक्क्यावरून तिच्या माहेरचं आणि सासरचं अकरा वर्षांचं वैर. दोन्हीकडचा एकेक माणूस मेलेला. लढाईनं दोघांनाही एकाच वसाहतीत आणून टाकलं. भाऊ दिमासार पहिल्या ओळीत, दीर बंतुआस शेवटच्या. मतदानाची शाळा मात्र एकच.

"मी जाणार न्हाई," दिमासार म्हणाला. "तो समोर आला आन् मी मान खाली घातली, तर मरातब काय राहिला माझा?"

"आन् वर ठिवलीस तर?" सिनाबनं विचारलं.

"तर शाळेत रगात सांडंल."

"झकास. एका रांगेत उभं ऱ्हाता येईना, आन् मुलखाचा कारभार करणार म्हणं."

तिकडे बंतुआसही तेच बोलला. वर म्हणाला, "वहिनी, तुमच्या भावाला आधी मत टाकून घरी जाऊ द्या."

"तो बी असंच म्हणतोय. दोघं मिळून पुढल्या साली जावा."

वैर कितीही पेटो, बाईला हात लावायचा नाही आणि बाईसमोर हत्यार काढायचं नाही, हा मारानावांचा जुना रिवाज. त्याच्याच जोरावर सिनाब अकरा वर्षं दोन्ही घरी पालापाची एकेक वाटी पोचवत आली होती. दोन्हीकडचे पुरुष बोटं चाटून खायचे आणि दुसरी वाटी कुठं जाते ते विचारायचे नाहीत. तिनं दोन्ही घरच्या बायकांना उखळाभोवती बसवलं आणि काय करायचं ते सांगितलं.

सोमवारी सकाळी दिमासारच्या दारात बंतुआसची बायको नोर्हाता लेकीसुना घेऊन उभी राहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"तुम्हांस्नी शाळंत न्यायला आलोय," ती म्हणाली. मग आत डोकावून म्हणाली, "खोली बारकीच हाय की. आमची बी एवढीच."

दिमासार उंबऱ्यात खिळला. शत्रूच्या घरची बाई दारातून रिकामी परत पाठवली, तर मरातब तिथंच गेला. त्यानं गुमान टोपी चढवली. त्याच वेळी त्याची बायको बंतुआसच्या दारात उभी होती.

शाळेकडे दोन घोळके निघाले. प्रत्येक पुरुषाभोवती वैऱ्याच्या घरच्या बायका. आता कोण कुणावर नेम धरणार? रांगेत दोघं एकामागं एक आले, मध्ये सिनाब.

बंतुआसनं घसा खाकरला. "तुमचा पत्रा गळतो का?"

दिमासार समोर बघतच म्हणाला, "खाटेवरच गळतो."

"आमचा चुलीवर."

रांग पुढं सरकली. मत टाकून, बोटाला शाई लावून बाहेर आल्यावर दिमासार फाटकापाशी थांबला. बंतुआस येईपर्यंत थांबला. म्हणाला, "धक्का तर बॉम्बनं फुटला. बांधायचा झाला तर एकट्याच्यानं व्हायचा न्हाई."

"शुक्रवारी थोरल्यांना बोलवू," बंतुआस म्हणाला. "कुराणावर हात ठिवून काय ते एकदा मिटवू."

"मग जेवण?" दिमासारनं विचारलं.

दोघांनीही सिनाबकडं पाहिलं.

"बघताय काय?" ती म्हणाली. "मिरच्या खुडायला बायका धाडा."

शुक्रवारी तिनं शाईच्या बोटानं पालापा चाखला, आणखी मूठभर आलं कुटून घातलं. वाट्या काढल्याच नाहीत. एकच मोठं पातेलं भरलं.