करोडगिरी नाक्यातला धूर

"आधी ह्या म्हाताऱ्याला बाहेर काढा," ओव्हरसियर म्हणाले, "मग फोटो काढा."

म्हातारा म्हणजे महेबूबचाचा. अणदूरच्या पुढं, सोलापूरच्या वाटेवर निजामाच्या करोडगिरीचा नाका होता. करोडगिरी म्हणजे सरहद्दीवरची जकात. चाचा तिथले शिपाई. राज्य गेलं, सरहद्द गेली, साहेबलोक गेले. चाचांना कुणी जा म्हणालं नाही, म्हणून ते राहिले. आता रस्त्याच्या खात्याला नाका पाडायचा होता. इमारत पडीक, आत मोडकं सामान, कुणी राहत नाही, असा रिपोर्ट आधीच तयार होता. कमी होता तो फक्त फोटो. त्यासाठी मला उमरग्याहून आणलेलं. फोटो तसा आला, की चाचांचं छप्पर गेलं.

आत अंधार. भिंतीशी गंजलेला तराजू, फुटके कंदील, पाय मोडलेल्या खुर्च्या. टाकून दिलेल्या वस्तूंचे फोटो काढायला मला लई आवडतं. "माझं नाक असं का आलं?" म्हणून त्या भांडायला येत नाहीत.

चाचा बाजेवर बसलेले. शेजारी चूल, चुलीवर चहा, खिडकीच्या गजाला शेळी.

"उठा की हो," ओव्हरसियर म्हणाले. माणूस पुण्याकडून बदलून आलेला, अख्खा रस्ता कोटाच्या खिशातल्या भाजलेल्या शेंगा खात होता.

"गुडघा धरलाय साहेब. आमी हलणार न्हाय."

साहेब माझ्यावरच उखडले. मग मी त्यांना एक्स्पोजर समजावून सांगितलं. तेव्हा माझ्या कॅमेऱ्यात मसाला लावलेली काच असायची. अंधारात लेन्सचं झाकण बराच वेळ काढून ठेवावं लागायचं. तेवढ्यात जो गप राहील तो काचेवर उमटतो. जो हलेल त्याचा नुसता धूर होतो.

ओव्हरसियरांचा चेहरा खुलला. "मग सोपं आहे! म्हातारबा, तुम्ही नुसते डुलत राहा. मी तराजूपाशी उभा राहतो."

त्यांना फोटोत यायचंच होतं. हे जागेवर जातच नाहीत, घरी बसून रिपोर्ट लिहितात, असा मोठ्या साहेबांना संशय होता.

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. "म्हंजी बाबा, जो हलंल तो गेला?"

"व्हय."

"आन् जो हलणार न्हाय, तो राहिला?"

"कायदाच हाय तसा, चाचा," म्हणालो, आणि हळूच डोळा मिचकावला.

ओव्हरसियर छाती काढून उभे राहिले. चाचा डुलायला लागले. डुलता डुलता त्यांचा हात शेळीच्या दाव्याकडं गेला. मी झाकण काढलं.

शेळी सुटली ती थेट साहेबांच्या कोटाच्या खिशावर.

"हट्! हट्! अहो, धरा हिला!"

"साहेब, हलू नका! हलू नका!" मी ओरडत होतो. झाकण काही लावलं नाही. साहेब तराजूभोवती गरागरा फिरत होते, शेळी मागं. चाचा हातात कपबशी घेऊन पुतळ्यागत बसलेले. मला हसू आवरेना, पण कॅमेऱ्याला धक्का लागेल म्हणून ओठ दाबून धरले.

"आलो का मी?" साहेबांनी धापा टाकत विचारलं.

"आलात की."

"आणखी एक घ्या."

"काचा संपल्या, साहेब." पिशवीत दोन होत्या.

पुढच्या आठवड्यात मी फोटो थेट जिल्ह्याच्या ऑफिसात नेऊन दिला. मोठ्या साहेबांनी तो भिंगाखाली धरला. "हे कोण?"

"महेबूबचाचा, साहेब. तिथंच राहतात," मी म्हणालो.

"बाज आहे, चहा आहे, माणूस आहे. आणि ओव्हरसियर, तुम्ही लिहिता कुणी राहत नाही? तिथं गेला होतात का?"

"गेलो होतो साहेब! मी आहे ना फोटोत!"

"कुठं?"

ओव्हरसियरांनी तराजूपाशी बोट ठेवलं. तिथं एक पांढुरकी वाफ होती.

"हा तर चुलीचा धूर! म्हणजे चूलसुद्धा पेटलेली होती." मोठे साहेब माझ्याकडं वळले. "काय हो, धूरच ना हा?"

आता साहेबांपुढं मी खोटं कशाला बोलू?

"धूरच हाय, साहेब."

नाका पाडायचं रद्द झालं. रस्त्याच्या कामाचं सामान तिथं ठेवायला लागले आणि राखणीला चाचांनाच नेमलं. ओव्हरसियर मात्र त्यानंतर खरंच जागेवर जायला लागले.

मीही एक गोष्ट शिकलो. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं, की "हलू नका" म्हणायच्या आधी मी विचारतो, "खिशात शेंगा न्हाईत ना?"