तोंडानं फुंकलेलं नोझल

केळीच्या बागेवर ड्रोन घोंघावत होता आणि माझा थोरला भाऊ, दादा, बांधावर खुर्ची टाकून बघत होता. केळीच्या पानांवरच्या करपा रोगावर औषध मारण्यात त्याचा जन्म गेला. आधी पितळी पंप, दांडा मारून हात भरून येणारा. मग पाठीवरचा प्लॅस्टिकचा, मग कानठळ्या बसवणारा पेट्रोलचा. दर वेळी लोक म्हणायचे, आता त्रास संपला. पण नोझल प्रत्येकाचं तुंबायचंच. तुंबलं की दादा ते काढून तोंडाला लावायचा, जोरात फुंकायचा, थुंकायचा. मी ओरडले की म्हणायचा, "काही होत नाही गं." सगळेच तसं करायचे.

घशाच्या ऑपरेशननंतर दादाला आवाज राहिला नाही. कशामुळे झालं, हे डॉक्टरांना विचारायला आम्ही धजलो नाही.

पंपाला पंखसुद्धा फुटले, आता माणसाला बागेत शिरायलाच नको, असं मी मनाशी म्हणत होते, तोच ड्रोन खाली उतरला. चालवणाऱ्यानं वाकून नोझल काढलं, शर्टाला पुसलं आणि ओठांना लावलं.

"अहो, नका!" मी ओरडले. बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या जनरेटरच्या धडधडाटात माझं ओरडणं कुठल्या कुठे गेलं. दादा उठून उभा राहिला होता. तोंड उघडं टाकून, जिवाच्या आकांतानं दोन्ही हात हलवत होता.

त्या माणसाला वाटलं, बाबांना ड्रोन फारच आवडलाय. तो बाजूला थुंकला आणि हसून त्यानंही हात हलवला.